दाराचं तोंड कोणीकडे?

मोजमापाला गेले की बेल वाजवण्याआधी मी रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहते. दुपारचं ऊन दारावर किती वेळ राहत असेल, वर छज्जा आहे का, पावसाचे ओघळ विटांवर कुठवर उतरलेत, पायरीचा उतार रस्त्याकडे आहे की घराकडे, हे सगळं तिथून दिसतं. आतली मंडळी तोवर दोन-तीन कंपन्यांची माहितीपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरून बसलेली असतात आणि घरात रंगावरून मतभेद झालेले असतात.

सांगलीत सिव्हिलचा डिप्लोमा केला, लग्नानंतर इंग्लंडला आले आणि बर्कशरमधल्या एका दारं-खिडक्या बसवणाऱ्या फर्ममध्ये सर्व्हेअर म्हणून लागले. स्लाव, हाउन्सलो, हॅरो, रेडिंग हा आमचा पट्टा. गिऱ्हाइकांत इंग्रज, पंजाबी, पोलिश, गुजराती सगळे असतात. अलीकडे मराठी घरंही बरीच आहेत. कोणाकडेही गेलं तरी अडचण तीच निघते. हजार-बाराशे पौंडांचं दार आणि अडीच हजारांचं दार, दोन्ही फोटोत सारखीच दिसतात. वरचे पैसे नेमके कशाचे? इतकी घरं मोजल्यावर माझं मत पक्कं झालंय: समोर जी रंगीत झडप दिसते, तिच्यासाठी वरचे पैसे द्यायची फारशी गरज नसते. कुलूप, चौकट, उंबरठा आणि बसवणाऱ्याचा हात यांच्यासाठी मात्र ते जरूर द्यावेत.

या दारांची, म्हणजे कॉम्पोझिट दारांची, रचना समजून घेतली की निम्मा गोंधळ मिटतो. अशा दाराला बाहेरून फायबरग्लासचं कवच असतं, साधारण दोन मिलिमीटर जाडीचं. त्यावरच्या लाकडाच्या रेषा साच्यातून उठवलेल्या असतात, त्यामुळे चार हातांवरून ते सागवानी दारासारखं दिसतं आणि दर दोन-तीन वर्षांनी रंग लावायची कटकट नसते. आतल्या गाभ्यावरून मात्र दोन पंथ पडतात. एका पंथात पॉलियुरेथेनचा फोम भरलेला असतो आणि झडप बहुधा ४४ मिलिमीटर जाडीची असते. दुसऱ्यात लाकडाचा भरीव गाभा असतो आणि झडप ४८ मिलिमीटरची. सॉलिडॉर, एंड्युरन्स ही इथली माहितीची नावं या दुसऱ्या पंथातली. शोरूममधला विक्रेता तुम्हाला दोन्ही दारांवर टकटक करून दाखवतो. लाकडी गाभ्याचा आवाज भरीव येतो, फोमचा जरा पोकळ येतो, आणि गिऱ्हाइकाचा निर्णय तिथेच होऊन जातो.

त्या टकटकीवर मी कधीच निर्णय घेऊ देत नाही. चोरापासून दार किती टिकेल याची इथली कसोटी पीएएस २४. तीत चौकट, झडप, बिजागऱ्या, कुलूप आणि काच असा सगळा संच एकत्र तपासतात. या कसोटीला फोमची दारंही उतरतात आणि लाकडी गाभ्याचीही. इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या दारांना २०१५पासून अशी सुरक्षा बंधनकारक आहे. जुन्या घराचं दार बदलताना ती मागणं आपल्या हातात असतं, आणि मागावीच. उबेचा हिशेब वेगळा. फोममधून लाकडाच्या साधारण एक पंचमांशच उष्णता वाहते. उत्तरेला तोंड असलेलं, दार उघडताच थेट बैठकीत पाऊल पडतं असं रांगेतलं टेरेस घर असेल, तर मी बिनदिक्कत फोम सांगते. घर मोठ्या रस्त्यावर असेल, बसगाड्यांचा आवाज दिवसभर आत येत असेल, तर लाकडी गाभ्याच्या वजनाचा खरंच उपयोग होतो. आणि घरात गुडघे-खांदे धरलेलं माणूस असेल, तर ते वजन रोज ओढणार कोण, याचा आधी विचार करा.

उन्हाबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण इंग्लंडमध्ये ऊन हा काही काळजीचा विषय आहे असं कोणाला वाटतच नाही.

१९ जुलै २०२२ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. या देशात चाळिशी ओलांडल्याची ही पहिलीच वेळ. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसचा फोन थांबत नव्हता. त्यातला एक फोन स्लावमधल्या एका मराठी घरातून आला होता. पश्चिमेला तोंड, वर छज्जा नाही, दार काळं कुळकुळीत. ते आमच्या फर्मने बसवलेलं नव्हतं, पण काकूंना माझा नंबर कोणीतरी दिला होता. "दार फुगलंय गं ताई, हँडलच वर जात नाही. रात्री झोपायचं कसं?"

मी दुपारी चारला पोचले. दारावर तळहात ठेवला आणि लगेच उचलावा लागला. लांब लेव्हलपट्टी उभी धरून झडपेला टेकवली, तर पट्टी मधोमध टेकत होती आणि वर-खाली तिच्या मागून फट दिसत होती. आत पंखा लावलेला, पडदे ओढलेले, घर त्या मानानं गार. म्हणजे झडपेचं बाहेरचं कवच तापून लांबलं होतं आणि आतलं होतं तेवढंच राहिलं होतं, त्यामुळे झडप बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखी वाकली होती. मधला भाग रबरावर दाबला जात होता. वरचा आणि खालचा कोपरा आत सरकला होता. या दारांना कुलपाचे आकडे वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी असतात, आणि चौकटीतल्या ज्या खाचांत ते बसायचे त्यांना इथे कीप म्हणतात. कोपरे सरकल्यावर वरचा-खालचा आकडा कीपमध्ये जाणार कसा? हँडल अडत होतं ते त्यामुळे.

मी काकूंना एवढंच सांगितलं की सूर्य खाली जाऊ द्या, बादलीभर पाणी मारू नका, हँडलला जोर लावू नका. नऊनंतर दार आपोआप लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले तेव्हा तीच पट्टी वरपासून खालपर्यंत सपाट बसली. खरं नुकसान त्यानंतर झालं. ज्या फर्मने दार विकलं होतं तिचा माणूस पुन्हा एका रणरणत्या दुपारी आला, वाकलेल्या दाराला जुळतील असे कीप सरकवून गेला. पुढे हवा थंडावली आणि दार दिवसभर खडखडायला लागलं, फटीतून वारा यायला लागला. दार वाकलेलं असताना कीपला हात लावायचा नाही, सकाळच्या गारव्यात जुळवायचं, ही या कामातली साधी रीत आहे, आणि ती मोडली की भुर्दंड घरमालकाला पडतो.

म्हणून दक्षिण किंवा पश्चिम तोंडाच्या उघड्या दाराला मी काळा रंग आणि सध्या गल्लोगल्ली दिसणारा तो गडद करडा, अँथ्रासाइट, सहसा सुचवत नाही. फिका हिरवा, क्रीम, फिका करडा यांतलं काही घ्या. गडदच हवा असेल तर आधी दारावर छज्जा करून घ्या. आणि दाराच्या पुढे काचेचं पोर्च बांधून दुसरं दार लावू नका. पोर्चमध्ये ऊन कोंडतं आणि आतल्या दाराची भट्टी होते. बऱ्याच कंपन्यांच्या हमीपत्रात याबद्दलचं कलम असतं. पोर्चमागच्या दाराची हमी त्या देत नाहीत. हमीपत्राचं ते पान मी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर वाचून दाखवते, कारण "दहा वर्षांची हमी" हे शब्द पहिल्या पानावर असतात आणि अटी शेवटच्या.

आता कुलूप. इथल्या बहुतेक दारांत युरो सिलिंडर असतो, किल्ली जाते तो आडवा पितळी नळा. त्याच्या मधोमध स्क्रूसाठी भोक असतं आणि नेमका तिथेच तो कमकुवत असतो. साधा सिलिंडर हँडलच्या बाहेर थोडा जरी डोकावत असला तर चोर तो पकडीत धरून मोडतात आणि काही क्षणांत आत येतात. अडीच हजारांच्या दारात साधा सिलिंडर घालून दिलेला मी पाहिलाय, आणि मला त्याचा राग येतो. टीएस ००७ मानकाचे तीन तारे असलेला किंवा सोल्ड सिक्युअर डायमंड शिक्का असलेला सिलिंडर मागा. तो मोडला तरी आधीच ठरवलेल्या खाचेवर तुटतो आणि कुलपाचा गाभा शाबूत राहतो. दाराच्या एकूण किमतीत हा खर्च किरकोळ आहे. दिवाळी आणि लग्नसराईच्या सुमारास पोलिस आशियाई कुटुंबांना घरातलं सोनं सांभाळायला सांगतात ते उगाच नाही. आपल्या घरांत दागिने असतात हे चोरांना ठाऊक आहे.

पण सगळ्यांत चांगलं कुलूपही लावलं तरच उपयोगी. आई-बाबा सहा महिन्यांसाठी सांगली-साताऱ्याहून आलेले असतात, मुलगा-सून कामावर, आणि दुपारी ही दोघं फिरायला निघतात. दार ओढून घेतात. खट् आवाज होतो. हॅरोच्या एका काकांना मी म्हटलं, "काका, हे लागलेलं नाही." ते म्हणाले, "ओढलं की गं, बघ ढकलून." ढकलून उघडत नव्हतं हे खरं. पण ते फक्त लॅचवर, म्हणजे स्प्रिंगच्या जिभेवर, होतं आणि एखादी प्लॅस्टिकची पट्टी सरकवली तरी उघडलं असतं. हँडल वर उचलायचं, आकडे आत गेल्याचं हाताला कळतं, मग किल्ली फिरवायची. एवढं झालं तरच दाराला कुलूप लागतं. कडी घालून कोयंड्याला कुलूप लावण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय त्यांना हे सांगितल्याशिवाय कळणार नाही, आणि मुलं कामाच्या धबडग्यात सांगायचं विसरतात. काकांकडून मी ते चार वेळा करून घेतलं. त्यांच्या मनगटाला हँडल उचलताना त्रास होत होता हेही तेव्हाच दिसलं.

अशा हातांसाठी ऑटोमॅटिक लॉक मिळतं. दार मिटलं की आकडे आपोआप बाहेर येतात. पण त्याचीही एक बाजू आहे. बाहेरून हँडलनं ते उघडत नाही, म्हणजे आजी दूध घ्यायला पायरीवर आल्या आणि वाऱ्यानं दार मिटलं तर त्या घरातल्या चपलांवर थंडीत बाहेर. शेजाऱ्याकडे एक किल्ली ठेवायची तयारी असेल तरच मी ते सुचवते. आतल्या बाजूला किल्लीऐवजी हातानं फिरवायची मूठ मात्र प्रत्येक घरात असावी असं माझं मत आहे. रात्री धूर झाला तर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. त्यावर लोक शंका काढतात, पत्रपेटीच्या फटीतून काठी घालून ती मूठ कोणी फिरवली तर? त्यासाठी टीएस ००८ मानकाच्या पत्रपेट्या आहेत. त्यांतून हात किंवा आकडी सहज आत जात नाही.

धुराचा विषय निघाला की फ्लॅटवाल्यांना मी वेगळं बसवून बोलते. १४ जून २०१७ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली, ७२ माणसं गेली. पुढच्या वर्षी तिथल्याच एका फ्लॅटचं दार तपासलं गेलं. अर्धा तास आग अडवायला हवी होती ते दार सुमारे पंधरा मिनिटांतच हरलं. ते कॉम्पोझिट होतं. त्यानंतर बऱ्याच कंपन्यांची कॉम्पोझिट फायर डोअर बाजारातून मागे घेतली गेली, दारं दोन्ही बाजूंनी आगीत तपासण्याचा आग्रह सुरू झाला. तेव्हा फ्लॅटचं दार बदलायचं असेल तर रंग निवडण्याआधी इमारतीच्या मालकाला लेखी विचारा. कित्येक लीजमध्ये ते दार तुमच्या मालकीचंच नसतं. ते एफडी३०एस प्रमाणाचं, म्हणजे अर्धा तास आग अडवणारं, धूर अडवणाऱ्या पट्ट्यांचं आणि आपोआप मिटणारं लागतं, आणि प्रमाणपत्र संपूर्ण संचाला असतं. नंतर हौसेनं दुसरं कुलूप बसवलं किंवा पीपहोल पाडलं की ते प्रमाणपत्र कागदापुरतं राहतं. आपोआप मिटणारं दार जड जातं म्हणून वरचा क्लोझर काढून ठेवलेली घरं मी पाहते. ते करू नका हो. तुमच्यासकट वरच्या मजल्यांवरच्या सगळ्यांचा जिन्यातून बाहेर पडायचा वेळ त्या दारावर अवलंबून असतो.

जुन्या घरांचं मोजमाप हे माझं खरं काम, पण वाचणाऱ्याला त्याचं फार सांगण्यासारखं नाही. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, दोन्ही कर्ण. सर्वांत लहान माप धरायचं आणि बसवायला मोकळीक ठेवायची. व्हिक्टोरियन घरांत एवढं जरूर पाहावं की चौकटीच्या वरच्या विटा कशावर उभ्या आहेत. कधीकधी वर लिंटेल नसतोच आणि जुनी लाकडी चौकटच भार पेलत असते. ती उपटली की विटा खाली. जो माणूस मोजताना एकदाही वर पाहत नाही त्याला काम देऊ नका. आणि घर कॉन्झर्वेशन एरियात किंवा संरक्षित यादीत असेल तर आधी काउन्सिलला विचारा. तिथे कॉम्पोझिट दार कितीही देखणं असलं तरी अडू शकतं.

मराठी घरांत आणखी एक बोलणं ठरलेलं असतं. उंबरठा. ॲल्युमिनियमचा बुटका उंबरठा घेतला तर तो जेमतेम १५ मिलिमीटर वर असतो. व्हीलचेअर, बाबागाडी, वॉकर त्यावरून सहज जाते. उंच उंबरठा पाऊस-वारा जास्त अडवतो. वारा थेट अंगावर येणारं दार असेल आणि घरात सगळे धडधाकट असतील तर उंच घ्यावा, नाहीतर बुटका. पाडव्याला उंबरठ्यावर हळद-कुंकू वाहायचं असतं आणि पांढऱ्या पीव्हीसी चौकटीला हळद लागली की डाग बसतो. घाबरून थिनर किंवा घासणीची पावडर वापरू नका, त्यानं पृष्ठभाग कायमचा खरबरीत होतो आणि पुढे मळ धरतो. साबणाच्या पाण्यानं पुसा, उरलेला पिवळेपणा उन्हानं हळूहळू उडतो.

आणि तोरण. नव्या दारावर तोरण हवंच, ते मलाही हवं असतं. पण झडपेवर खिळा ठोकला किंवा स्क्रू मारला की कवचाला भोक पडतं, पाणी आत शिरायला वाट मिळते आणि हमी संपते. चौकटीच्या आत कुठे पोलादी पट्टी आहे आणि कुठे पोकळी, हे बाहेरून दिसत नाही, म्हणून चौकटीतही भोक नको. मी सांगते की दार बसवायच्या दिवशीच कारागिराला सांगून चौकटीच्या वर, विटांच्या सांध्यातल्या मसाल्यात दोन छोटे आकडे बसवून घ्या. त्याच्याकडे ड्रिल असतंच, पाच मिनिटांचं काम. आमच्या फर्मचे इंग्रज कारागीर आता मराठी आडनाव पाहिलं की स्वतःहून आकडे घेऊन निघतात.

दाराची ऑर्डर देताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: संपूर्ण संचाचा पीएएस २४ दाखला, सिलिंडरचे तारे आणि यू-व्हॅल्यू, म्हणजे दारातून किती उष्णता निसटते त्याचा आकडा. इंग्लंडमध्ये बदललेल्या दाराची यू-व्हॅल्यू १.४पेक्षा जास्त नसावी अशी सध्याची अपेक्षा आहे. फर्म फेन्सा किंवा सर्टास या नोंदणी-योजनांची सभासद असेल तर कामानंतर, ते नियमांनुसार झाल्याचं, प्रमाणपत्र येतं. ते जपून ठेवा, घर विकताना वकील मागतो. मजुरीत घासाघीस करून वाचवलेले पैसे काचेच्या नक्षीवर घालवू नका. आणि बसवून झाल्यावर शेवटचा हप्ता देण्याआधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला बोलवा. त्यांना आतून एकदा, बाहेरून एकदा, एकट्यानं दार लावू द्या आणि उघडू द्या. त्यांचा हात अडला तर कारागिराला तिथेच थांबवा आणि जुळवून घ्या. तो गाडीत बसून गेल्यावर पुन्हा यायला आठवडे लागतात.